डिस्चार्ज कार्डावर ‘पॅराप्लेजिया’ लिहिलंय? तो शब्द, त्यापुढचे आकडे आणि घरची तयारी

सोलापुरात सिव्हिलमधून काय किंवा खासगी हॉस्पिटलमधून काय, मणक्याचा पेशंट घरी येतो तेव्हा सोबत एमआरआयचं मोठं पाकीट, औषधांची पिशवी आणि डिस्चार्ज कार्ड येतं. निदानाच्या रकान्यात साधारण असा मजकूर असतो: ‘ट्रॉमॅटिक पॅराप्लेजिया, डी१२ फ्रॅक्चर, एशिया ए, न्यूरोजेनिक ब्लॅडर’. घरचे विचारतात, “म्हणजे लकवाच ना?” गडबडीत कुणीतरी “हो, तसंच” म्हणून मोकळं होतं. मग पुढचे दोन महिने पायांना तेल चोळण्यात आणि लकव्याचं गावठी औषध आणायला गावोगाव फिरण्यात जातात. तोवर कंबरेखाली माकडहाडावर जखम झालेली असते आणि लघवीत पू आलेला असतो.

कार्डावरची ती एक ओळ नीट वाचता आली, तर घरात काय लागणार आहे ते निम्मं तिथेच समजतं. आधी ती ओळ वाचू, मग कामाला लागू.

शब्द आणि त्याचं मूळ

‘पॅराप्लेजिया’ ग्रीक आहे. ‘प्लेगे’ म्हणजे घाव, तडाखा. ‘पारा’ म्हणजे बाजूला, लगत. जुने ग्रीक वैद्य हा शब्द एका बाजूला बसलेल्या किंवा अर्धवट झटक्यासाठी वापरायचे, म्हणजे आज आपण ज्याला अर्धांगवायू म्हणतो त्याच्या जवळपास. दोन्ही पाय आणि कंबरेखालचा भाग हा नेमका अर्थ त्याला नंतरच्या काळात चिकटला. त्यामुळे शब्द फोडून अर्थ काढायला गेलात तर फसाल. आज तो ज्यासाठी वापरतात तोच अर्थ धरायचा. मराठी वैद्यकीय लिखाणात अधरांगघात असा शब्द दिसतो. आपल्या जुन्या आयुर्वेदानेही फरक केलेला आहे: एक पाय गेला तर खंज, दोन्ही गेले तर पंगू, आणि एक बाजू गेली तर पक्षाघात.

त्याच कुळातले बाकीचे शब्द कार्डावर दिसू शकतात. हेमिप्लेजिया म्हणजे शरीराची एक बाजू. हाच तो लोकांचा लकवा, अंगावरून वारं जाणं. त्याचं कारण बहुतेक वेळा मेंदूत असतं. क्वाड्रिप्लेजिया किंवा टेट्राप्लेजिया म्हणजे चारही हातपाय. त्यात इजा मानेत असते. मोनोप्लेजिया म्हणजे एकच हात किंवा पाय. पॅराप्लेजियात हात शाबूत असतात आणि बिघाड जवळजवळ नेहमी पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत किंवा त्याच्या खालच्या नसांच्या जुडग्यात असतो. मेंदूच्या झटक्यावरचं औषध इथे उपयोगाचं नाही ते यामुळेच.

आणखी एक फरक बघा. शेवटी ‘प्लेजिया’ असेल तर ताकद पूर्ण गेलेली, ‘पॅरेसिस’ असेल तर कमी झालेली. ‘पॅराप्लेजिया’च्या जागी ‘पॅरापॅरेसिस’ लिहिलेलं असेल तर पायांत काहीतरी हालचाल शिल्लक आहे, आणि ते चांगलं लक्षण आहे.

आकडा: डी, टी, एल

डी म्हणजे डॉर्सल, टी म्हणजे थोरॅसिक. दोन्ही एकच, आपल्याकडे जुने डॉक्टर डी लिहितात, नवे टी. पाठीचे मणके १२, त्याखाली कंबरेचे ५, ते एल. आकडा जितका लहान तितकी इजा वर.

इथे घरच्यांचा हमखास घोटाळा होतो. मोडलेल्या मणक्याचा नंबर आणि बाधित नसेचा नंबर एकच असेल असं नाही. मोठ्या माणसाचा मज्जारज्जू पहिल्या-दुसऱ्या कंबरेच्या मणक्यापाशीच संपतो, त्याखाली नुसत्या नसा लोंबतात. त्यामुळे डी१२ किंवा एल१ मणका मोडला तर मार रज्जूच्या शेपटाला बसतो, जिथून लघवी, शौच आणि पायांच्या नसा निघतात. डॉक्टरांना स्पष्ट विचारा: “फ्रॅक्चर कुठे आहे ते कळलं; न्यूरोलॉजिकल लेव्हल काय?” कामाचा आकडा तो.

अंगावर तो आकडा असा ओळखतात: छातीच्या बोंडांची रेषा डी४, बेंबी डी१०, जांघ डी१२, गुडघ्याच्या आतली बाजू एल३, आतला घोटा एल४, टाचेची बाहेरची बाजू एस१ (एस म्हणजे सॅक्रल, कंबरेच्याही खालच्या नसा), गुदद्वाराभोवतीची त्वचा एस४-५. कापसाचा बोळा वरून खाली फिरवत न्या, कुठे कळेनासं होतं तिथे पेनने खूण करा, तारीख लिहा. ही रेषा वर सरकली, म्हणजे काल बेंबीपर्यंत कळत होतं आणि आज छातीखाली सुन्न झालंय, तर उद्याची वाट बघू नका, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

अक्षर: ए ते ई

‘एशिया’ ही मणक्याच्या इजेची प्रतवारी आहे, खंडाशी संबंध नाही. ए म्हणजे एस४-५ पर्यंत, अगदी गुदद्वारापाशीही, ना हालचाल ना संवेदना. बी म्हणजे संवेदना आहे, हालचाल नाही. सी म्हणजे हालचाल आहे, पण निम्म्याहून जास्त मुख्य स्नायूंना जमिनीच्या ओढीविरुद्ध पाय उचलण्याइतकी ताकद नाही. डी म्हणजे निदान निम्म्या स्नायूंना तेवढी ताकद आहे. ई म्हणजे तपासणीत सगळं ठीक. पहिले काही दिवस, कधी काही आठवडे, रज्जू ‘स्पायनल शॉक’मध्ये, म्हणजे धक्क्याने तात्पुरता बधिर असतो, म्हणून पहिल्या दिवशीच्या अक्षरावर आशाही बांधू नका आणि सोडूही नका. पुढच्या तपासण्यांतलं अक्षर प्रत्येक वेळी विचारून लिहून ठेवा.

निदानात ‘पॉट्स पॅराप्लेजिया’ असेल तर कारण मणक्याचा टीबी. पर्सिव्हल पॉट या लंडनच्या सर्जनने १७७९ मध्ये त्याचं वर्णन केलं, म्हणून हे नाव. अपघाताच्या पॅराप्लेजियापेक्षा हा वेगळा. वेळेत औषध सुरू झालं तर पाय परत येण्याची शक्यता बरीच असते. गोळ्या सरकारी केंद्रात मोफत मिळतात, निक्षय पोषण योजनेत उपचार चालू असेपर्यंत महिन्याला १००० रुपये खात्यात येतात. मणक्याच्या टीबीचा कोर्स फुप्फुसाच्या टीबीपेक्षा लांब असतो, १२ महिने किंवा जास्त. चौथ्या महिन्यात पाय हलायला लागले म्हणून गोळ्या थांबवणारे पुन्हा अंथरुणावर येतात.

कार्डावरची ती ओळ पायांबद्दल आहे असं वाटतं, पण माणूस दगावतो तो पायांमुळे नाही. पूर्वी मणक्याचे जखमी बेडसोर, म्हणजे पडून राहून झालेल्या जखमा, आणि मूत्रपिंडाच्या संसर्गाने जायचे. १९४४ मध्ये इंग्लंडमधल्या स्टोक मँडेव्हिल इथे लुडविग गुटमन यांनी वॉर्ड सुरू केला आणि दर दोन तासांनी कूस बदलणं, लघवीची शिस्त आणि लवकर कामाला लावणं यावर हट्ट धरला. १९४८ मध्ये तिथेच व्हीलचेअरवरच्या १६ जणांची तिरंदाजी झाली, त्यातून पुढे पॅरालिम्पिक्स उभं राहिलं. आपल्या सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात जखमी झाले आणि १९७२ मध्ये जर्मनीत हायडलबर्गच्या पॅरालिम्पिक्समधून ५० मीटर पोहण्यात सुवर्णपदक घेऊन आले. तेव्हा आता पाय बाजूला ठेवू आणि कातडीपासून सुरुवात करू.

कातडी

झोपलेल्या माणसाला दर दोन तासांनी वळवायचं, रात्रीसुद्धा. पाठ, उजवी कूस, पाठ, डावी कूस. पूर्ण आडवं कुशीवर नको, मागे उशी देऊन साधारण ३० अंशांवर तिरकं ठेवा. पूर्ण कुशीवर सगळं वजन मांडीच्या वरच्या हाडावर येतं आणि तिथेच जखम होते. मणक्याचं ऑपरेशन नवं असेल तर खांदा, कंबर आणि पाय एकाच वेळी, ओंडका फिरवावा तसे वळवायचे. त्याला दोन माणसं लागतात. रात्रीसाठी मोबाइलवर गजर लावा आणि वेळापत्रक भिंतीवर चिकटवा, नाहीतर “तू वळवलंस वाटलं” म्हणत दोघंही झोपतात.

आता सोलापुरी चादर. घरात ती असणारच, आणि प्रेमाने पेशंटखाली घातली जाणारच. घालू नका. तिची नक्षी जाड विणीतून उठलेली असते. संवेदना नसलेल्या पाठीवर तासाभरात त्या रेघा उमटतात. पेशंटच्या अंगाखाली धुऊन मऊ झालेलं पातळ सुती कापड हवं, चाटी गल्लीत मिळणारी साधी मलमल चालते. ते ताणून गादीखाली खोचा, एकही सुरकुती नको, काठाची शिवण कंबरेखाली येऊ देऊ नका. सोलापुरी चादरीचा उपयोग वेगळा आहे: दुहेरी घडी घालून पेशंटला पलंगावर वर सरकवायला. दोघांनी दोन बाजूंनी धरून उचलायचं, ओढायचं नाही, आणि काम झालं की चादर काढून घ्यायची. टर्किश टॉवेलचा रोल मात्र उत्तम, दोन गुडघ्यांच्या मध्ये आणि पोटरीखाली, म्हणजे टाचा गादीवरून उचललेल्या राहतात. टाच अधांतरी हवी. खाली हात सरकला पाहिजे.

बाजेवर झोपवू नका, मध्ये झोळ पडतो. कापसाच्या गाठी झालेली गादीही नको. १० सेंटिमीटर चांगला फोम चालेल. मेडिकलवाले ज्याला एअर बेड म्हणतात, तो फुग्यांचा, पंप जोडलेला प्रकार परवडत असेल तर घ्या. पण तो फोमच्या वर टाका. लाइट गेली की तो हळूहळू बसतो आणि पेशंट सरळ प्लायवर येतो. बेड पुरेसा फुगलाय का ते बघायला पेशंटच्या माकडहाडाखाली, गादीच्या खालून तळहात घाला. हाताला हाड टेकत असेल तर हवा कमी आहे. आणि एअर बेड आला म्हणून वळवणं थांबत नाही.

रोज सकाळी आणि रात्री उजेडात सात जागा बघा: माकडहाड, बसण्याची दोन हाडं, मांड्यांच्या वरची बाहेरची दोन हाडं, टाचा, घोटे, खांद्याच्या पाती, डोक्याचा मागचा भाग. लाल किंवा काळसर डाग दिसला तर बोटाने दाबा. दाबल्यावर रंग फिका होऊन परत आला तर ठीक. तसाच राहिला तर ती पहिल्या पायरीची जखम. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, तेव्हा गरम, कडक किंवा सुजट लागतंय का ते हाताने बघा. डाग असेल त्या जागेवर पूर्ण विसावा द्या, डाग जाईपर्यंत त्या बाजूला झोपवायचं नाही की बसवायचं नाही. चोळू नका, खालचे नाजूक ऊतक आणखी फाटतात. स्पिरिट, हळद, पावडर, काहीही नको. मध्ये भोक असलेली गोल हवेची रिंग अजून दुकानात मिळते, ती घेऊ नका; कडेला दाब पडून मधल्या भागाचा रक्तपुरवठाच तुटतो. कातडी फुटली, पाणी आलं किंवा वास आला तर त्या दिवशी डॉक्टर.

खुर्चीत बसल्यावर दर १५ ते ३० मिनिटांनी वजन काढायचं: पुढे वाकून छाती मांडीवर, किमान दोन मिनिटं. हातांवर उचलून दहा सेकंद तरंगणं पुरत नाही आणि खांदे खराब होतात. खांदे आता पायांचंही काम करणार आहेत.

लघवी

न्यूरोजेनिक ब्लॅडर म्हणजे मूत्राशय भरल्याचं कळत नाही, किंवा ते नीट रिकामं होत नाही. लघवी आपोआप गळतेय म्हणजे रिकामी होतेय असं नाही. अनेकदा तुडुंब भरून वरून सांडत असते. तुंबलेली लघवी मागे मूत्रपिंडाकडे जाते. पोट दाबून लघवी काढायची सवय लावू नका, दाब मागेही जातो.

हॉस्पिटलातून दोनपैकी एका मार्गाने पाठवतात. एक, सीआयसी: दर चार ते सहा तासांनी साधी नळी घालून मूत्राशय रिकामं करून नळी काढून घेणं. दुसरा, फोली: आत फुगा असलेली, कायम ठेवलेली नळी आणि पिशवी. हात शाबूत असलेल्या पॅराप्लेजियाच्या पेशंटला सीआयसी स्वतः करता येतं, आणि जमत असेल तर तेच बरं. डिस्चार्जच्या आधी वॉर्डातल्या सिस्टरसमोर दोनदा करून दाखवा. घरी येऊन शिकू म्हणणाऱ्यांचं राहूनच जातं.

मोठ्या माणसाला बहुधा १२ किंवा १४ नंबरची नळी. साबणाने हात धुवा, नखं कापलेली हवीत. जागा साबण-पाण्याने पुसा. नळीला लिग्नोकेन जेली (बधिर करणारी, बुळबुळीत) लावा. पुरुषाने लिंग वर, पोटाकडे धरून नळी सावकाश सरकवायची. प्रोस्टेटपाशी अडल्यासारखं वाटेल; तिथे जोर लावू नका, लांब श्वास सोडा, थांबा, मग ढकला. लघवी आली की अजून दोन-तीन सेंटिमीटर आत. धार थांबल्यावर नळी थोडी थोडी मागे घ्या, तळातली राहिलेली लघवी तेव्हा येते. बायकांना सुरुवातीला आरसा लागतो; अंतर कमी, पाच-सहा सेंटिमीटर. नळी चुकून योनीत गेली तर ती तिथेच राहू द्या, दुसरी स्वच्छ नळी वरच्या छिद्रात घाला, मग पहिली काढा. म्हणजे पुन्हा चुकणार नाही.

दर वेळी किती एमएल आली ते वहीत लिहा. ४०० ते ५०० च्या वर जाता कामा नये. सतत जास्त येत असेल तर अंतर कमी करा. गळती होते म्हणून पाणी तोडणं ही सर्वात महागडी बचत आहे. दिवसाला दोन लिटर धरा, उन्हाळ्यात थोडं जास्त, फक्त झोपायच्या आधी दोन तास कमी करा. नळी दर वेळी नवी असेल तर उत्तम. परवडत नसेल तर डॉक्टर सांगतील तितके दिवस तीच: वापरली की आतून-बाहेरून साबणाने धुवा, झटकून वाळवा, झाकणाच्या कोरड्या डब्यात ठेवा. ओल्या नळीत जंतू वाढतात. शहरात नळाला पाणी काही दिवसांआड येतं, त्यामुळे या कामासाठी झाकणाची एक वेगळी बादली आणि तिला नळ किंवा लांब दांड्याचा डोया ठेवा. घरातल्या सगळ्यांचे हात ज्या पिंपात बुडतात ते पाणी नको.

फोली असेल तर पिशवी नेहमी मूत्राशयाच्या खाली, पण फरशीला टेकलेली नको; पलंगाच्या लोखंडी पट्टीला अडकवा. रिक्षात बसवताना सगळे पिशवी पेशंटच्या मांडीवर ठेवतात, तिथून जुनी लघवी उलटी आत जाते. मांडीवर ठेवण्याआधी पिशवी रिकामी करा, नळीला चिमटा लावा आणि बसल्यावर लगेच खाली सोडून चिमटा काढा. नळी मांडीला चिकटपट्टीने बांधा, नाहीतर वळवताना फुग्यासकट ओढली जाते. साधी लॅटेक्सची नळी तीन-चार आठवड्यांनी बदलतात.

नुसती गढूळ लघवी झाली म्हणून मेडिकलमधून अँटिबायोटिक घेऊ नका. ताप, थंडी, पायांना अचानक वाढलेले झटके, वास, रक्त यातलं काही असेल तर लघवीची कल्चर तपासणी आणि मगच औषध. वर्षातून एकदा मूत्रपिंडाची सोनोग्राफी आणि रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंड नीट चालतंय का ते सांगणारी तपासणी) करून घ्या, काही त्रास नसला तरी.

शौच

वेळ ठरवा आणि मोडू नका: रोज किंवा एक दिवसाआड, जेवणानंतर किंवा चहा-नाश्त्यानंतर २० ते ३० मिनिटांनी, तेव्हा आतडं आपोआप हलतं. इजा वर असेल, पाय कडक राहत असतील, तर गुदद्वाराची प्रतिक्रिया शिल्लक असते: डाव्या कुशीवर झोपवून बिसाकोडिल किंवा ग्लिसरीनची सपोझिटरी (गुदद्वारातून घालायची, विरघळणारी गोळी) आतड्याच्या भिंतीला टेकेल अशी घाला, शौचात खुपसली तर विरघळून वाया जाते. पंधरा-वीस मिनिटांनी ग्लोव्ह आणि जेली लावलेलं बोट १५ ते २० सेकंद हळुवार गोल फिरवा. पाच-दहा मिनिटांनी परत. रज्जूच्या शेपटाला किंवा नसांना इजा असेल, पाय ढिले असतील, तर ही प्रतिक्रिया नसते. तिथे शौच थोडं घट्ट ठेवून बोटाने काढावं लागतं.

खाण्यात ज्वारीची भाकरी, आमटी, पालेभाजी चांगलीच. कडक भाकरी आणि शेंगाचटणी कोरडी खाऊन पाणी कमी पडलं तर मात्र आतड्यात विटा होतात. आमटीत कुस्करून द्या. इसबगोल घेतलं तर वर पूर्ण ग्लास पाणी. चार दिवस शौच नाही आणि मग पातळ पाणी गळायला लागलं तर ते जुलाब समजून थांबवायच्या गोळ्या देऊ नका. बहुधा आत गोळा अडकलाय आणि बाजूने पाणी वाट काढतंय.

पाय, तेल आणि सूज

रोज दोनदा घोटा, गुडघा, खुबा सावकाश पूर्ण फिरवा, प्रत्येकी दहा वेळा. पाऊल पलंगाशी ९० अंशात राहील असं उशीला टेकवा, नाहीतर पाऊल खाली लोंबून तसंच अखडतं आणि पुढे कॅलिपर (पायाला आधार देणारी पट्ट्यांची चौकट), बूट काहीच बसत नाही. जोर लावू नका. वापर नसलेली हाडं ठिसूळ होतात, पिरगळल्यावर मोडतात आणि पेशंटला कळतही नाही. एकाच पायाची पोटरी सुजली, गरम लागली तर चोळायचं बंद. आत रक्ताची गाठ असू शकते, ती चोळण्याने सुटून फुप्फुसात जाते. पहिल्या तीन महिन्यांत हा धोका सर्वाधिक. सूज आणि सोबत धाप किंवा छातीत दुखणं असेल तर १०८ ला फोन.

डी६ आणि त्यावर असेल तर

अचानक डोकं फुटेल असं दुखणं, चेहरा लाल, इजेच्या वरच्या भागाला घाम, नाक चोंदणं: ही ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया, आणि हिच्यात रक्तदाब झपाट्याने चढतो. अशा पेशंटचा नेहमीचा वरचा आकडा ९० ते ११० च्या आसपास असतो, त्यामुळे १४० सुद्धा त्याला जास्त. झोपवू नका, उठून बसवा, पाय खाली सोडा, पट्टा, नाडी, मोजे सैल करा. मग नळी मुडपली आहे का बघा, मूत्राशय रिकामं करा. लघवीने सुटलं नाही तर जेली लावून शौच अडकलंय का बघा, मग जखम, चिमटलेली कातडी, आत वाढलेलं नख. काही मिनिटांत दाब उतरला नाही तर हॉस्पिटल, आणि तिथे शब्द स्पष्ट सांगा. तातडीच्या विभागात सगळ्यांना तो लगेच आठवेलच असं नाही. घरात बीपीचं मशीन ठेवा.

याच पेशंटला इजेखाली घाम येत नाही. एप्रिल-मेमध्ये सोलापूर ४२ च्या वर जातं आणि पत्र्याच्या घरात त्याहून जास्त. दुपारी बाहेर नेऊ नका, ओला पंचा मानेवर आणि छातीवर, पंखा, पाण्याचा फवारा. पत्र्यावर पांढरा चुना मारला तर खोलीत खरोखर फरक पडतो. भाजण्याची भीती मात्र प्रत्येक लेव्हलला आहे: उन्हात ठेवलेल्या गाडीची सीट, मांडीवर ठेवलेला गरम चहाचा पेला, गरम पाण्याची पिशवी. आंघोळीचं पाणी आधी कोपराने बघा, पेशंटच्या पायाने नाही.

खुर्ची, उंबरा, दाखला

व्हीलचेअर फुकट मिळाली म्हणून कशीही घेऊ नका. सीटची रुंदी म्हणजे बसल्यावर नितंबांची सर्वात जास्त रुंदी अधिक अडीच सेंटिमीटर. खोली म्हणजे पाठीपासून गुडघ्याच्या मागच्या खळगीपर्यंतचं माप वजा पाच सेंटिमीटर. फूटरेस्ट जमिनीपासून किमान पाच सेंटिमीटर वर. रुंद खुर्चीत माणूस एका बाजूला कलतो, त्या बाजूच्या हाडावर जखम होते. सीटवर आठ-दहा सेंटिमीटर जाड कुशन हवंच. पलंगाची उंची खुर्चीच्या सीटएवढी करा, पायांखाली विटा नकोत, सुताराकडून पक्के ठोकळे करून घ्या. खुर्चीतून पलंगावर जाताना दोन्ही ब्रेक लावलेले, खुर्चीचा पलंगाकडचा हात काढलेला, मध्ये गुळगुळीत फळी. नितंब चाकावर घासत गेले तर तीच जखमेची सुरुवात. रॅम्पचं माप एकास बारा: १५ सेंटिमीटरच्या पायरीला १८० सेंटिमीटर लांबी. शहाबादी फरशीचा गुळगुळीत रॅम्प पावसात घसरतो, खडबडीत कोबा करा. दार ८० सेंटिमीटर मोकळं हवं. जुन्या घरात उंबरा काढायला घरचे कचरतात, पण रोज चार वेळा खुर्ची उचलून त्यांच्याच पाठी जातात.

दिव्यांग दाखल्यासाठी आधी ‘स्वावलंबन’ पोर्टलवर यूडीआयडीचा (दिव्यांगांच्या ओळखपत्राचा) अर्ज भरा: आधार, फोटो, सही. मग दिलेल्या सरकारी रुग्णालयात तपासणी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ४० टक्के ही बहुतेक सवलतींची किमान पातळी आहे. डिस्चार्ज कार्ड, एमआरआयचा रिपोर्ट आणि लेव्हल-अक्षर लिहिलेला ताजा कागद न्या. नुसत्या ‘पॅराप्लेजिया’वर टक्के ठरत नाहीत. सुधारणा अपेक्षित असेल तर तपासणारं मेडिकल बोर्ड तात्पुरता दाखला देतं, त्याची मुदत वहीत लिहून ठेवा. बोर्डाचा वार ठरलेला असतो, आदल्या दिवशी विचारा. तिथे रांगेत दुपार होते, म्हणून पेशंटला बाकावर बसवू नका, स्वतःच्या खुर्चीत कुशनसकट न्या, आणि नळी, जेली, पाण्याची बाटली सोबत ठेवा. सीआयसीची वेळ मध्येच येणार आहे.